छोट्या कंपनीचे ईमेल आणि फाइली क्लाउडवर नेताना

कोकणातल्या बहुतेक छोट्या कंपन्यांत ईमेलची सोय एकाच पद्धतीने झालेली असते. ज्याने वेबसाइट करून दिली, त्यानेच त्या होस्टिंगवर पाच-सात मेलबॉक्स काढून दिले. होस्टिंगवर जागा थोडी, म्हणून आउटलुक पॉपवर लावले. मेल ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उतरतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. निर्यातीची कागदपत्रे, ठरलेले दर, माल परत आल्याच्या तक्रारी, उधारीची स्मरणपत्रे, सगळे टेबलाखालच्या एका हार्ड डिस्कवर, एका पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुक मेल साठवते त्या फाइलीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेला कॉम्प्युटर म्हणजे दप्तर ठेवायला किती कच्ची जागा, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

हा लेख पाच ते वीस माणसांच्या कंपनीसाठी आहे. उदाहरणाला रत्नागिरीजवळचा आंबा-काजू प्रक्रियेचा नऊ माणसांचा कारखाना धरू. हॉटेल, मासळी प्रक्रिया, बांधकाम किंवा सीएचे ऑफिस असले तरी पायऱ्या त्याच. प्रत्यक्ष मेल नव्या सेवेकडे वळवायला अर्धा तास पुरतो. दोन-तीन आठवडे जातात ते त्याआधीच्या शोधाशोधीत, आणि ती टाळली की काम तिथेच फसते.

डोमेन कोणाच्या ताब्यात आहे?

पहिला प्रश्न हाच. कंपनीचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे नाव, कोणत्या रजिस्ट्रारकडे (नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे) आहे, लॉगिन कोणाकडे आहे, मुदत कधी संपते आणि तिथे कोणता ईमेल नोंदलेला आहे, या चार गोष्टी कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. अनेकदा डोमेन वेबसाइटवाल्याच्याच खात्यात असते. त्यात नेहमी लबाडी असते असे नाही, त्या वेळी तेच सोयीचे होते. पण ते आधी कंपनीच्या खात्यात आणा. रजिस्ट्रार बदलायची गरज नाही. त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीच्या नावाने खाते उघडा आणि डोमेन त्या खात्यात ढकलायला सांगा. रजिस्ट्रार बदलायला गेलात तर डॉट कॉमसारख्या डोमेनला पुढचे ६० दिवस पुन्हा हलवण्याची बंदी लागू शकते, आणि ऐन कामाच्या मध्यात असा अडसर नको.

रजिस्ट्रारच्या खात्याला ईमेल देताना तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेनची मुदत संपली की मेल बंद पडतो. मग नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच बंद पेटीत जातात आणि स्वतःच्याच घराबाहेर उभे राहायची वेळ येते. मालकाचा वैयक्तिक जीमेल आणि मोबाइल तिथे नोंदवा.

डीएनएस, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहेत हे सांगणारी नोंदवही, कुठे आहे तेही बघून ठेवा. कधी ते रजिस्ट्रारकडे असते, कधी सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळण्याच्या पानावर. जिथे असेल तिथेच नोंदी बदलायच्या. नेमसर्व्हर, म्हणजे ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर, बदलायचे नाहीत. ते बदलले की वेबसाइट आणि हॉटेलचे बुकिंग पानही त्यासोबत खाली येते, आणि त्याचा मेलशी काही संबंध नसतो.

यादी करा, कंटाळा आला तरी

एक एक्सेल शीट उघडा. प्रत्येक पत्त्यासमोर लिहा: कोण वाचतो, पॉप आहे की आयमॅप (यात मेल सर्व्हरवरच राहतो), जुना मेल कोणत्या कॉम्प्युटरवर आहे, फाइल किती जीबीची आहे, कोणत्या मोबाइलवर चालू आहे. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: या पत्त्यावर बाहेरचे काय बांधलेले आहे? जीएसटी पोर्टल, आयकर, ईपीएफओ, उद्यम नोंदणी, निर्यातीसाठी डीजीएफटी, अपेडा किंवा एमपीईडीए, बँक, विमा, महावितरण, हॉटेल असेल तर बुकिंग साइट. चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या नावाचा पत्ता ‘आता काय कामाचा’ म्हणून नव्या सेवेत काढलाच जात नाही, आणि महिन्याच्या २० तारखेला कळते की जीएसटीचा ओटीपी तिथेच जात होता. असे सगळे जुने पत्ते कोणाच्या तरी मेलबॉक्सला टोपणपत्ता, म्हणजे अलायस म्हणून जोडा. अलायसला वेगळे पैसे पडत नाहीत.

माणसांखेरीज मेल पाठवणाऱ्या वस्तूही असतात, त्या यादीतून हमखास सुटतात. स्कॅन करून मेल करणारा झेरॉक्स-प्रिंटर, टॅली, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचे यंत्र, वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म. नव्या सेवा साध्या पासवर्डवर अशा यंत्रांना आत घेत नाहीत. गुगलमध्ये द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. टीएलएस १.२ ही मेल सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत न समजणारा जुना प्रिंटर तेवढ्यानेही बहुधा चालत नाही. त्याला पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये स्कॅन करायला लावा. त्याच्यासाठी दोन दिवस झगडणे परवडत नाही.

आता लायसन्स किती ते ठरते. नऊ माणसे म्हणजे नऊ लायसन्स असे नाही. पॅकिंगवरच्या दोघा सुपरवायझरांना बाहेर मेल पाठवायचा नसेल तर त्यांना मेलबॉक्स नको. ‘इन्फो’, ‘अकाउंट्स’, ‘एक्स्पोर्ट’ हे पत्ते माणसे नव्हेत. गुगलमध्ये ते ग्रुप करून, मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स करून चालवा. मायक्रोसॉफ्टच्या शेअर्ड मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत लायसन्स लागत नाही. पण एकच लॉगिन तिघांनी वापरायची बचत करू नका. ओटीपी एकाच फोनवर येतो, तो माणूस मुंबईला गेला की बाकी दोघे अडकतात, आणि ‘हा दर कोणी कळवला?’ याचे उत्तर कधीच मिळत नाही.

ग्रुप करताना एक खाच आहे. नवा ग्रुप मूळ सेटिंगमध्ये बाहेरच्या माणसाचा मेल घेतोच असे नाही. ऑफिसातून चाचणी केली तर मेल पोचतो, आणि दुबईच्या ग्राहकाला मात्र ‘परवानगी नाही’ म्हणून परत जातो. ग्रुपच्या परवानग्यांत ‘बाहेरचे कोणीही पाठवू शकेल’ हे चालू करा आणि चाचणी घरच्या जीमेलवरून करा.

कोणती सेवा?

यावर लोक वाजवीपेक्षा जास्त वेळ घालवतात. आउटलुकची सवय, मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली आणि वर्षानुवर्षांच्या पीएसटी असतील तर मायक्रोसॉफ्ट ३६५. माणसे बहुतेक मोबाइलवरच काम करत असतील आणि जीमेल हाताखालचे असेल तर गुगल वर्कस्पेस. खर्च कमीत कमी हवा आणि मुख्यतः मेलच हवा असेल तर झोहो. तिन्ही चांगल्या आहेत.

पैसे भरताना दोन गोष्टी बघा. बिलिंगमध्ये जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी भरा, नाहीतर १८ टक्क्यांचे इनपुट क्रेडिट हातचे जाते. दुसरे, कार्डवरून आपोआप वजा होणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दर वेळी ओटीपी लागतो. वार्षिक योजना या रकमेच्या वर सहज जाते. नूतनीकरणाच्या दिवशी ओटीपी कोणी दिला नाही तर पैसे जात नाहीत आणि सेवा बंद होण्याच्या वाटेला लागते. ती तारीख मालक आणि अकाउंटंट, दोघांच्याही कॅलेंडरवर हवी.

लाइन, वीज आणि जांभ्याची भिंत

जुना मेल वर चढवताना डाउनलोड नव्हे, अपलोडचा वेग मोजायचा. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे कागदावर तासाला साडेचार जीबी, हिशेबाला तीन धरा. सगळ्यांचे मिळून ६० जीबी असतील तर २० तास. चार-पाच रात्री लावल्या की होते.

फायबरच्या मोडेमला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. दिवे गेले तरी लाइन अनेकदा चालू असते, बंद पडतो तो आपला मोडेम. पावसात झाड पडून खांबावरची केबल तुटते त्यासाठी दुसऱ्या कंपनीचे सिमवाले राउटर हवे. ते खिडकीत ठेवून बघा. जांभ्याची दीड फुटी भिंत सिग्नल बराच खाते, आणि अंगणात चार दांड्या दाखवणारा फोन आतल्या खोलीत निरुपयोगी ठरतो. ऑफिस ते गोदाम अशी तांब्याची लॅन केबल उघड्यावरून गेली असेल तर ऑक्टोबरच्या विजांत दोन्ही टोकांचे पोर्ट जळण्याचा धोका आहे. तिथे फायबरचा तुकडा टाकून घ्या.

जुना मेल: इथे घाई नको

सगळ्यांत आधी आउटलुकमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ चालू करा, म्हणजे आजपासूनचा मेल दोन ठिकाणी राहील. मग आउटलुक बंद करून प्रत्येक पीएसटीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्या प्रतीवर आउटलुकसोबत येणारे स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन चालवा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. बरीच वर्षे चाललेल्या फाइलीत थोडीफार मोडतोड निघतेच, आणि ती दुरुस्त न करता चढवली तर स्थलांतर मधेच अडकते, तेही नेमके कुठे ते न सांगता.

गुगलकडे जाताना आउटलुकमधून मेल नेण्याचे त्यांचे स्वतःचे साधन त्या कॉम्प्युटरवर बसवा. आउटलुकमध्ये जीमेल आयमॅपने जोडून फोल्डर माउसने ओढून टाकायचा मोह आवरा. आयमॅपने दिवसाला ५०० एमबीच चढवू देतात, त्यानंतर खाते काही काळ अडवले जाते. मायक्रोसॉफ्टकडे पीएसटी अ‍ॅडमिनमधून एकगठ्ठा चढवता येतात. फाइली दोन-तीनच असतील तर आउटलुकच्या इंपोर्टने भागते. मेल अजून सर्व्हरवरच, आयमॅपवर असेल तर तिन्ही सेवांचे आयमॅप स्थलांतर सरळ चालते. फक्त त्यात मेलच येतो, पत्ते आणि कॅलेंडर येत नाहीत. ते सीएसव्ही फाइल काढून वेगळे न्यावे लागतात.

पॉपवाल्यांनी ‘सेंट’ फोल्डर विसरू नये. पॉपमध्ये पाठवलेला मेल फक्त त्या एका कॉम्प्युटरवर असतो. नुसता इनबॉक्स नेला तर ग्राहकांची मागणी येते आणि आपण दिलेले दर मात्र मागे राहतात. स्थलांतरानंतर फोल्डरनिहाय मेलची संख्या जुन्या-नव्या दोन्हीकडे ताडून बघा. आधी गेल्या दोन वर्षांचा मेल न्या, बाकीचा नंतर सावकाश.

तारीख निवडा

आंब्याचे काम असेल तर मार्च ते मे अजिबात नाही. हॉटेलवाल्यांना मे, दिवाळी आणि नाताळ वर्ज्य. मासळीवाल्यांना जून-जुलैची मासेमारी बंदी सोयीची, फक्त विजेचा भरवसा त्या दिवसांत कमी. बहुतेकांना दिवाळी आटोपल्यानंतरचा नोव्हेंबर बरा पडतो. गणपतीत सगळे सुट्टीवर म्हणून ते दिवस धरू नका. अडले तर मदतीलाही कोणी नसते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे असतात, म्हणून २१ नंतरचा शनिवार घ्या, दुपारी चारनंतरचा.

वळवण्याचा दिवस

डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा हे डीएनएसमधली एमएक्स नोंद सांगते. दोन दिवस आधी तिचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ धरून ठेवतील तो काळ, ३०० सेकंदांवर आणा. म्हणजे बदल जगभर पाच-दहा मिनिटांत पोचेल आणि काही बिघडले तर तितक्याच लवकर मागे फिरता येईल. सगळे मेलबॉक्स, अलायस आणि ग्रुप आधीच तयार हवेत. एमएक्स बदलताना एखादा पत्ता नव्या सेवेत नसेल तर त्यावर येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो.

शनिवारी जुन्या एमएक्स नोंदी सगळ्या काढा आणि नव्या सेवेच्या टाका. गुगलची आता एकच नोंद पुरते, जुन्या पाचही चालतात. जुनी नोंद ‘असू दे राखीव म्हणून’ ठेवू नका. काही मेल तिकडे जात राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर एसपीएफ. आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे सांगणारी ही टेक्स्ट नोंद. ती डोमेनला एकच असते. जुनी तशीच ठेवून दुसरी टाकली तर दोन्ही निकामी होतात. एकाच ओळीत नवी सेवा, वेबसाइटचे होस्टिंग आणि बिले पाठवणारे सॉफ्टवेअर असेल तर तेही जोडा. अशा जोडण्यांमुळे होणाऱ्या डीएनएस चौकशा दहाच्या वर जाता कामा नयेत.

डीकेआयएमची सही, म्हणजे मेल खरोखर आपल्याच डोमेनवरून गेल्याची खूण, अ‍ॅडमिन पॅनलमधून तयार करा. गुगलमध्ये २०४८ बिटांची किल्ली घ्या. काही डीएनएस पॅनल २५५ अक्षरांपेक्षा लांब ओळ घेत नाहीत आणि शेपूट गुपचूप कापतात. चिकटवल्यावर ओळीचा शेवट मूळ ओळीशी ताडून बघा, गरज पडल्यास दोन अवतरणांत तोडून टाका. नोंद टाकून झाल्यावर पॅनलमध्ये परत येऊन सही चालू करण्याचे बटण दाबायचे असते. ते राहून गेल्याने डीकेआयएम महिनोन्‌महिने बंद असलेल्या कंपन्या आहेत. मायक्रोसॉफ्टमध्ये दोन सीनेम नोंदी टाकायच्या आणि मग चालू करायचे. शेवटी डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे हे सांगणारी नोंद, सुरुवातीला धोरण ‘काही करू नका, फक्त कळवा’ असे. तीन-चार आठवडे अहवाल बघून मग ‘संशयास्पद मेल स्पॅममध्ये टाका’ या पायरीवर न्या.

यापुढची पायरी इतकी सुटते की ती सविस्तर सांगतो. वेबसाइट जुन्या होस्टिंगवरच राहणार. त्या सर्व्हरच्या समजुतीने तुमच्या डोमेनचा मेल अजून त्याच्याकडेच आहे, आणि स्वतःच्या पोटातला मेल पाठवताना तो एमएक्स बघतच नाही. परिणाम असा: वेबसाइटच्या फॉर्मवरून आलेली चौकशी जुन्या मेलबॉक्समध्ये पडते. त्याहून वाईट, त्याच होस्टिंगवर ज्यांचे मेल आहेत त्या सगळ्यांचे मेलही तिथेच पडतात. आपल्याकडे एका तालुक्यात वेबसाइटवाले दोन-तीनच, म्हणून तुमचा खोकेवाला, ट्रान्सपोर्टवाला आणि तुम्ही एकाच सर्व्हरवर असण्याची शक्यता बरीच आहे. जर्मनीहून मेल येतो आणि कुडाळहून येत नाही, असे दिसले तर कारण बहुतेक हेच. सीपॅनलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ उघडा आणि ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

चाचणी चार दिशांनी करा: जीमेलवरून, आउटलुक डॉट कॉमवरून, वेबसाइटच्या फॉर्मवरून आणि त्याच होस्टिंगवरच्या ओळखीच्या कंपनीकडून. जीमेलला पाठवलेला मेल उघडून ‘मूळ संदेश दाखवा’मध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ आहे ना बघा. आउटलुकमध्ये नवे प्रोफाइल काढा. जुने प्रोफाइल पुसू नका, नुसते बाजूला ठेवा.

कुलूप

द्विस्तरीय पडताळणी सगळ्यांना सक्तीची करा, पण एसएमएसवर नको. घाटात, खाडीपलीकडे, बागेत रेंज नसते आणि ओटीपी येत नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅप नेटवर्कशिवाय चालते, फक्त फोनची वेळ आपोआप जुळणारी हवी. सुपर अ‍ॅडमिन खाती दोन हवीत, त्यांतले एक रोज न वापरायचे. त्याचे राखीव कोड कागदावर छापून प्लास्टिकच्या पाकिटात, तिजोरीत. साधा कागद आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत ओलावतो. बाहेरून मदत करणाऱ्याला अ‍ॅडमिन केले असेल तर काम झाल्यावर ते काढा.

फाइली

फाइली मेलसोबत त्याच शनिवारी हलवू नका. मेल दोन आठवडे सुरळीत चालला की मग. डी ड्राइव्हमध्ये आहे तसे सगळे ढकलण्याऐवजी विक्री, खरेदी, हिशेब, परवाने आणि फोटो असे पाच सामायिक फोल्डर करा. फाइलची मालकी कंपनीची हवी, माणसाची नव्हे. गुगलमध्ये त्यासाठी शेअर्ड ड्राइव्ह लागतो, आणि घेतलेल्या योजनेत तो आहे का हे आधी बघा. कोणाच्या वैयक्तिक ड्राइव्हमध्ये फाइली राहिल्या आणि ते खाते पुसले, तर परत मिळवायला २० दिवसच असतात.

टॅलीचा डेटा फोल्डर कधीही सिंकमध्ये, म्हणजे आपोआप क्लाउडवर चढणाऱ्या फोल्डरमध्ये, ठेवू नका. उघडी फाइल अर्धवट वर गेली की डेटा बिघडतो. टॅलीतून बॅकअप घ्या आणि तो बॅकअप वर चढवा.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली पत्रे गुगल डॉक्समध्ये उघडली की अगम्य अक्षरे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, तो फॉन्ट तिथे नसतो. अशा फाइलींचे रूपांतर करू नका, वर्ड फाइल म्हणूनच ठेवा आणि फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर उघडा. नेहमी लागणारे मसुदे, म्हणजे ग्रामपंचायतीचे अर्ज, कामगारांचे करारनामे, युनिकोडमध्ये आणून घ्या. नवे सगळे युनिकोडमध्येच.

व्हॉट्सअ‍ॅपशी भांडू नका. गाडी निघाली, पेटी ओली आहे, हे तिथेच चालणार. पण दर, ऑर्डर आणि बिल मेलवरूनच जाईल, आणि मालाचे फोटो त्याच दिवशी फोल्डरमध्ये जातील, एवढे दोन नियम मालकाने स्वतः पाळले तर बाकीचे पाळतात.

जुने होस्टिंग कधी सोडायचे

मेलचे पॅकेज निदान दोन महिने चालू ठेवा. पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्याला एकदा जुने मेलबॉक्स वेबमेलने उघडून बघा. काही आले असेल तर ते का आले ते शोधा आणि नव्याकडे ढकला. सलग तीन आठवडे काही आले नाही की शेवटचे स्थलांतर एकदा पुन्हा चालवा आणि मग मेलबॉक्स पुसा. टीटीएल परत ३६०० वर न्या.

पीएसटीच्या प्रती असलेली डिस्क मात्र ठेवून द्या. क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असे नव्हे. जीमेलच्या ट्रॅशमधून ३० दिवसांनी मेल जातो, त्यापुढे अ‍ॅडमिनला तो परत आणायला २५ दिवस मिळतात, मग नाही. तीन महिन्यांतून एकदा सगळ्या खात्यांचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवा. अशा डिस्क दोन असू द्या, आणि त्यांतली एक ऑफिसच्या इमारतीबाहेर, वरच्या मजल्यावर.